हळद नसलेली पत्रिका

पंचफुलाबाईचा अंगठा मशीनला लागत नाही.
मी म्हणते, पदराला पुसा, पुन्हा ठेवा.
ती पुसते, केसांवरून फिरवते, फुंकर घालते,
जरा उजव्या अंगाने ठेवते.
काच लाल होते. जुळत नाही.
चाळीस हंगाम कपाशी वेचून
बोंडांच्या टोकांनी नेल्या तिच्या रेषा.
स्वतःच्याच पंधराशेसाठी
ती तीच आहे हे
दर महिन्याला पटवावं लागतं तिला
ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, मला,
जिच्या बारशाच्या घुगऱ्या तिनं शिजवल्या.

तो आला, त्याला कोणी अंगठा मागितला नाही.

मंगळवारी, भाकर तव्यावर असताना
चक्कीवाल्या उकंडरावच्या नंबरावरून
एक पत्रिका आली. शुभविवाह.
नावाच्या शेपटीला एक टिंब, तीन इंग्रजी अक्षरं.
तिला ती वाचता येत नाहीत.
खरं सांगते, मला येतात, पण मीही वाचली नसती.

आमच्याकडे पत्रिका माणसाच्या हातानं येते.
कोपऱ्यांना हळद, आत चिमूटभर अक्षदा,
आणणारा पाणी पितो,
पोरगी कोणत्या गावची ते सांगतो, मग उठतो.
आणि वाईट बातमीच्या कार्डाचा
कोपरा फाडलेला असायचा.
ते उंबऱ्याबाहेरच वाचायचं,
बाहेरच फाडायचं,
पाय धुवून मग आत.
अक्षरओळख नसलेल्यालाही कळायचं
काय घरात घ्यायचं, काय नाही.
ह्या पत्रिकेला कोपराच नव्हता.

फोननं विचारलं, अनोळखी आहे, आत घेऊ?
फोननं विचारलं, ह्याला मेसेज वाचू देऊ?
आणखी काहीतरी विचारलं.
तिनं तिन्ही वेळा हो दाबलं.
लग्नघराला नाही म्हणतं का कोणी.

रात्री बँकेचे आकडे आले, सहा-सहाचे,
फोन तिच्या उशाशी, ती झोपेत,
आणि कुठेतरी कोणीतरी जागं.
सकाळी खात्यात एकोणचाळीस रुपये.
दोन शेळ्या विकल्याचे गेले.
"गटाचे नोयते व, माह्येच होते,"
ती मलाच समजावत होती.

पण मला सांगायचंय ते वेगळंच.
त्याच रात्री तिच्या नंबरावरून
तीच पत्रिका गावभर फिरली.
मलाही आली.
बोट काचेवर टेकणारच होतं.
पंचफुलाबाईकडे लग्न?
तिला लेकरू नाही.

एवढ्यानंच मी वाचले.
तालुक्याच्या ट्रेनिंगनं नाही,
तिथे जेवणानंतर मला डुलकी लागली होती.
तिच्या घरात जे कधी झालं नाही, त्यानं वाचवलं.
सात जणांनी उघडली.
गोदी इंगोले म्हणाली, वाटलं, पुतण्या दत्तक घेतला असंल,
लय बरं वाटलं मले.

आम्ही एकोणीसशे तीसला फोन लावला.
तिकडून विचारलं, माहिती कोणाला दिली होती?
"कोनाले काईच नाई देलं जी.
लग्नाले येतो म्हनलं फक्त."

चार दिवसांनी आणखी एक आवाज,
साखरेच्या पाकातला, शहरी :
आत्या, तुमचे पैसे परत येतायत,
आत्ता आलेला आकडा तेवढा सांगा.
ती शेंगा सोलत होती.
"आत्या म्हन्तं त सांग बाप्पा,
तुह्या बापाचं नाव काय?
माह्या कोन्त्या भावाचा तू?"
तिकडे थोडा वेळ पंख्याचा आवाज.
मग काहीच नाही.

पैसे अजून आलेले नाहीत. अर्ज पडून आहे.

आज पुन्हा ओट्यावर. अंगठा, लाल. अंगठा, लाल.
मी मशीनला चापट मारली, वैतागून.
तिनं माझा हात धरला.
"मारू नको वं त्याले.
ते इचारते तरी."
आणि अंगठा पुन्हा पदराला पुसू लागली.